तुटलेल्या लिंका शोधायला टर्मिनलवरचं कोणतं टूल वापरता? आणि सापडल्यावर काय करता?

पानकळा | रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयासाठी गेली सहा वर्षं मी एक सूची सांभाळते आहे. स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं, मासिकांचे अंक, कोश जालावर कुठे वाचायला मिळतात त्याची. सगळं मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) आहे, ४३ फायली, अकराशेच्या वर लिंका, गिटमध्ये (फायलींमधले बदल नोंदणारं टूल) ठेवलेलं. त्यातूनच साइट तयार होते.

गेल्या आठवड्यात कराडहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. "ताई, कोशांच्या पानावरच्या आठ लिंकांपैकी पाच उघडतच नाहीत." लगेच बसून आठही उघडून पाहिल्या. दोन ठिकाणी ४०४ (पान सापडलं नाही), एक पान फिरत राहिलं ते राहिलंच, एक डोमेन विकायला काढलेलं. पाचवी लिंक माझ्याकडे व्यवस्थित उघडली, तिच्याकडे मात्र नाही. या आठ लिंकांनाच माझा पाऊण तास गेला. अकराशे हाताने तपासणं शक्य नाही.

टर्मिनल वापरायची सवय आहे, त्यामुळे कमांड लाइनवरचं टूल चालेल, उलट तेच हवं आहे. तुम्ही काय वापरता? उघडणारी लिंकही तुटलेली म्हणून दाखवली जाते असं ऐकलंय, त्याचं काय करता? आणि जी लिंक खरंच मेली आहे ती सूचीतून काढता की ठेवता? माझं मत आहे की काढू नये. अमुक पुस्तक एके काळी इथे होतं, हीसुद्धा माहितीच आहे.

दगडी_वाडा | रविवार, सकाळी १०:३२

डब्ल्यूगेट. स्पायडर आणि रिकर्सिव्ह हे दोन पर्याय देऊन चालवा. पानं डाउनलोड करून ठेवत नाही, नुसतं फिरून येतं आणि शेवटी तुटलेल्या लिंका किती ते सांगतं. बहुतेक लिनक्सवर आधीपासून असतंच.

गंजलेला_खिळा | रविवार, सकाळी ११:०५

@दगडी_वाडा, डब्ल्यूगेट आपल्याच साइटच्या कुंपणात फिरतं. ताईंच्या लिंका सगळ्या बाहेरच्या आहेत आणि मूळ मजकूर मार्कडाउनमध्ये आहे. त्यांना ते पुरणार नाही.

ताई, लीची वापरा. मॅथियास एंडलर यांनी सुरू केलेलं रस्टमधलं मुक्त स्रोत टूल आहे. मार्कडाउन, एचटीएमएल, साधा टेक्स्ट, काहीही द्या, त्यातल्या लिंका वेचून एकाच वेळी अनेक तपासतं. अकराशे लिंका म्हणजे काही मिनिटांचं काम. मॅकवर ब्रूने येतं, आर्चवर पॅकमनने, डॉकर इमेजही आहे.

पण थेट सगळ्यावर चालवू नका, ही माझी कळकळीची विनंती. आधी 'डम्प' पर्याय देऊन चालवा. तो काहीच तपासत नाही, कोणत्या लिंका सापडल्या तेवढं छापतो. ती यादी नजरेखालून घातली की कुठे कंस उघडा राहिलाय, कुठे एचटीटीपी दोनदा चिकटलंय ते तिथेच दिसतं. मग 'ऑफलाइन'. यात फक्त आपल्या फायलींमधल्या एकमेकींच्या लिंका तपासल्या जातात, नेटला हातही लागत नाही. या चुका शंभर टक्के आपल्या असतात, त्या आधी निपटा. त्यानंतर बाहेरच्या. तेव्हा 'कॅश' पर्याय जरूर द्या. आधी तपासलेल्या लिंकांचा निकाल फाइलमध्ये राहतो, एक दिवसाच्या आत पुन्हा चालवलंत तर त्याच सर्व्हरांची दारं परत वाजवली जात नाहीत.

वगळायच्या लिंकांचे नमुने लीचीइग्नोर नावाच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक. नावाच्या आधी टिंब आहे, विसरू नका.

चहाटपरी | रविवार, सकाळी ११:२०

हे वाचून लगेच लॅपटॉप उघडला. आईने विचारलं काय चाललंय. म्हटलं, लीची लावतोय. ती बाल्कनीतून रिकामी कुंडी घेऊन आली.

रानजाई | रविवार, सकाळी ११:२४

@चहाटपरी 😄 आईंना सांगा, कुंडीत नाही यायची, चांगलं मोठं झाड होतं.

सर्व्हरवाली | रविवार, दुपारी १२:५०

दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण अशा टूलांचे धक्के खाणारे सर्व्हर मी सांभाळते.

लीची न सांगता एका वेळी १२८ विनंत्या पाठवायला मोकळं असतं. लिंका शंभर वेगवेगळ्या साइटींवर विखुरलेल्या असतील तर कुणाला कळणारही नाही. पण पानकळाताईंच्या सूचीत एकाच छोट्या संस्थेच्या साइटवरचे दोनशे अंक असणार. ती साइट वर्षाला दोन-तीन हजार रुपयांच्या शेअर्ड होस्टिंगवर असते. तिच्यावर एका क्षणात ढीगभर विनंत्या पडल्या की ती तुम्हाला ४२९ (फार विनंत्या होताहेत) देते किंवा गप्प बसते. म्हणजे चांगली लिंक तुमच्या धडकेमुळेच तुटलेली दिसली. आणि त्याच वेळी तिथे एखादा खराखुरा वाचक असला तर त्याचंही पान अडकलं.

मॅक्स-कन्करन्सी, म्हणजे एका वेळच्या विनंत्यांची मर्यादा, चारवर आणा. तपासणी तीन मिनिटांऐवजी वीस मिनिटं चालेल, चहा करून या. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा जुना लिंक चेकर पर्लमध्ये लिहिलेला आहे, तो एकाच सर्व्हरला दोन विनंत्या करताना मध्ये किमान एक सेकंद थांबतो. ती माणुसकी मला फार आवडते.

जुनाजाणता | रविवार, दुपारी १:४०

लीचीचं कौतुक योग्यच आहे, पण एक उणीव सांगायला हवी. एक पत्ता दिला की ते त्या पानावरच्या लिंका तपासतं. त्या पानावरून पुढच्या पानावर, तिथून तिसऱ्या, असं साइटभर फिरणं हे त्याचं काम नव्हे. आपल्याकडे मूळ फायली असतील तर अडत नाही. मी ज्या संस्थेचं काम बघतो तिच्या साइटच्या मूळ फायली कुणाकडेच नाहीत, जे आहे ते सर्व्हरवर. तिथे मी पायथनमधलं लिंकचेकर चालवतो. ते पानामागून पान फिरतं, रोबॉट्सची फाइल (आपोआप फिरणाऱ्या टूलांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी) पाळतं, आणि कोणत्या पानावर, कितव्या ओळीत लिंक तुटली ते सांगतं. फक्त बाहेरच्या साइटींच्या लिंका ते आपणहून तपासत नाही, 'चेक-एक्स्टर्न' म्हणून सांगावं लागतं. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण "आमच्याकडे एकही तुटलेली नाही" म्हणून खूश होऊन बसतात.

खिडकी_क्र_७ | रविवार, दुपारी २:१५

हे सगळं हाताने कशाला चालवायचं? गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये, म्हणजे गिटहब आपोआप चालवतं त्या कामांमध्ये, लीची लावा. तुटलेली लिंक सापडली की ते २ हा एक्झिट कोड (अपयशाची खूण) देतं, बिल्ड (साइट आपोआप तयार होण्याची फेरी) लाल होतं. कुणी तुटकी लिंक घालूच शकणार नाही.

गंजलेला_खिळा | रविवार, दुपारी २:४०

@खिडकी_क्र_७, अर्धं पटलं, अर्धं अजिबात नाही.

आमच्या टीममध्ये हेच केलं होतं. एका मुलीने 'परिक्षा'चं 'परीक्षा' केलं. एका वेलांटीचा बदल. बिल्ड लाल, कारण तिचा काडीचाही संबंध नसलेल्या पानावरचा कुठला तरी दूरचा सर्व्हर त्या दहा मिनिटांत झोपला होता. पुन्हा चालवलं, हिरवं. पुढच्या आठवड्यात परत तेच. महिनाभरात सगळ्यांना लाल रंगाकडे न बघायची सवय लागली, आणि मग खरोखर तुटलेल्या लिंकाही तशाच निसटल्या.

आता प्रत्येक कमिटला (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाला) फक्त ऑफलाइन तपासणी, तिथे लाल म्हणजे लाल. बाहेरच्या लिंका आठवड्यातून एकदा, सोमवारी पहाटे, आणि त्याची आपोआप एक नोंद उघडते. कुणाचंही काम अडत नाही. बाहेरची लिंक आपल्या कमिटमुळे तुटत नाही, मग कमिट करणाऱ्याला का अडवायचं?

गिटहबच्याच लिंका खूप असतील तर टोकन (ओळखीची किल्ली) द्या, त्याशिवाय त्यांच्या एपीआयला (टूलांसाठीच्या दाराला) तासाला ६० च विनंत्या चालतात.

हिवाळी_ऊन | रविवार, संध्या. ५:३०

म्युनिकहून लिहितेय. ताईंची ती 'पाचवी लिंक', माझ्याकडे उघडते आणि तिच्याकडे नाही, हा प्रकार मी रोज अनुभवते. भारतातल्या काही सरकारी साइटी परदेशातून उघडतच नाहीत. नकारही येत नाही, विनंती नुसती लटकत राहते आणि २० सेकंदांनी लीची 'टाइमआउट' म्हणून मोकळं होतं. मी ती यादी पुण्यात भावाला पाठवते, तो उघडतो, सगळ्या जिवंत.

गिटहब अ‍ॅक्शन्सचंही तेच. तुमची तपासणी तुमच्या घरून होत नसते, मायक्रोसॉफ्टच्या कुठल्या तरी डेटासेंटरमधून होते. साताऱ्याच्या वाचकासाठी लिंक चालते का, याचं उत्तर तिथून मिळणार नाही.

त्यामुळे अहवालातली ओळ मी अशी वाचते: या वेळी, या ठिकाणाहून, या पद्धतीने विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. ४१० आलं तर मालकाने स्वतः सांगितलंय की पान कायमचं काढलंय, तिथे वाद नाही. ४०४ म्हणजे इथे नाही, पण दुसरीकडे हलवलेलं असू शकतं. ४०३ बहुतेक वेळा 'तू माणूस वाटत नाहीस' एवढंच म्हणत असतं. लिंक्डइन तर ९९९ असा स्वतःचाच आकडा देतं.

रानजाई | रविवार, संध्या. ५:४८

अवांतर: ४०४ हा वेब जिथे जन्मलं त्या सर्न संस्थेतल्या एका खोलीचा नंबर होता म्हणे, तिथे पहिला सर्व्हर होता?

जुनाजाणता | रविवार, संध्या. ६:१०

@रानजाई, ती दंतकथा आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्याबरोबर वेबवर काम करणाऱ्या रॉबर्ट कायो यांनी स्वतः ती खोडून काढली आहे. ४ ने सुरू होणारे आकडे म्हणजे विनंती करणाऱ्याकडे काही तरी चुकलं, ५ ने सुरू होणारे म्हणजे सर्व्हरकडे. त्यातला हा एक.

बर्नर्स-ली यांचं नाव निघालंच आहे तर, त्यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात, ते बदलणारी माणसं असतात. साइटची नवी रचना केली, पीएचपी जाऊन दुसरं काही आलं, म्हणून वाचकाच्या हातातला पत्ता का मोडावा? जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ (कायमचं पुढे पाठवणं) लावायला एक ओळ लागते. साइट नवी करून देणाऱ्या प्रत्येक कंत्राटात ही अट असायला हवी, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि सांगत राहीन.

प्रूफवाचक | रविवार, रात्री ९:०५

सगळे तुटलेल्या लिंकांबद्दल बोलताहेत. मला जास्त काळजी न तुटलेल्यांची वाटते.

आमच्या भागातल्या एका छोट्या साहित्य मंडळाची साइट होती. डोमेनचं नूतनीकरण राहिलं. आता त्याच पत्त्यावर ऑनलाइन रमीचं पान आहे. लीची काय म्हणतं? २०० ओके, म्हणजे सगळं ठीक. हिरवं. आमच्या स्मरणिकेच्या पीडीएफमध्ये 'अधिक कविता इथे वाचा' यावर बोट ठेवलं की पत्ते पिसले जातात. ती स्मरणिका शाळांना पाठवलेली आहे.

दुसरा प्रकार म्हणजे पान नाही, पण सर्व्हर ४०४ देण्याऐवजी मुख्यपान दाखवतो, २०० देऊन. तिथेही टूल फसतं.

मी स्वतःपुरता उपाय केलाय. प्रत्येक लिंकशेजारी त्या पानावर असायलाच हवा असा एक शब्द लिहून ठेवतो, आणि कर्लने पान आणून ग्रेपने तो शब्द शोधणारी दहा ओळींची स्क्रिप्ट महिन्यातून एकदा चालवतो. शब्द नाही सापडला की डोळ्यांनी बघायचं. हजार लिंकांना हे जड जाईल, पण मुलांच्या हातात जाणाऱ्या साहित्याला मी दुसरं काही मानणार नाही.

सर्व्हरवाली | रविवार, रात्री ९:३०

@प्रूफवाचक काका, हे फार मोलाचं आहे. एक जोड: दुसऱ्या डोमेनवर फेकल्या जाणाऱ्या लिंकांची वेगळी यादी काढा. रमीवाले बरेचदा तसेच सापडतात.

भोपळी_मिरची | सोमवार, सकाळी ८:१०

माझं सगळं वर्डमध्ये आहे. एमएच्या मुलांच्या संदर्भसूच्या. मला यातलं काही उपयोगाचं आहे का?

गंजलेला_खिळा | सोमवार, सकाळी ९:२५

@भोपळी_मिरची, आहे. डॉक्स फाइल म्हणजे झिपच असते. अनझिप करा, आत 'वर्ड' फोल्डर, त्यात 'अंडरस्कोर रेल्स', त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल डॉट रेल्स. क्लिक होणाऱ्या बाहेरच्या लिंका बहुतेक तिथेच असतात. ग्रेपने पत्ते काढून एका टेक्स्ट फाइलमध्ये टाका आणि ती लीचीला द्या. पत्ता नुसता टाइप केलेला असेल, लिंक केलेला नसेल, तर तो तिथे नसतो. त्यासाठी पॅनडॉकने फाइलचं मार्कडाउन करून घ्या.

पीडीएफमध्ये मात्र जपून. लांब पत्ता दोन ओळींत मोडलेला असतो आणि मजकूर काढताना अर्धाच येतो. मग ती लिंक बिचारी उगाच तुटलेली ठरते.

तुमच्याकडे डीओआय (शोधनिबंधांचे कायमचे क्रमांक) असतील तर प्रकाशकांच्या साइटी टूलला ४०३ देतात, त्याने घाबरू नका. कर्लला पुढे जाऊ न देता डीओआयच्या सर्व्हरला विचारा. तो ३०२ देऊन पुढचा पत्ता सांगत असेल तर क्रमांक नोंदलेला आहे.

मात्रावेलांटी | सोमवार, दुपारी १:००

इथे मराठीपुरती एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडायची नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. हा दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, मग हलन्त, मग य. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी एक शब्द सात चिन्हांचा, दुसरा आठ चिन्हांचा. फाइलचं नाव एका तऱ्हेचं, लिंक दुसऱ्या तऱ्हेची, की लिंक तुटली. आणि तुम्ही डोळे फाडून बघत बसा, फरक दिसणार नाही.

तेच 'ॲ'चं. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, आणि चंद्र नीट बसावा म्हणून मध्ये तेच न दिसणारं जोडचिन्ह घालत. म्हणजे 'ॲ' तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेली चिन्हं एकरूप करण्याने) हे एकमेकांत बदलत नाहीत, स्वतःच बदलावे लागतात.

ओळखायचं कसं? पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरांचा. म्हणून 'दुवा' हा छोटासा शब्द पत्त्यात ३६ अक्षरांचा होतो. त्या लांबलचक ओळीत 'ई२, ८०, ८डी' असा तुकडा दिसला की समजा, ते न दिसणारं चिन्ह तिथे बसलंय.

आणि एक. तुमची साइट एमकेडॉक्सवर (मार्कडाउनमधून साइट बनवणारं टूल) असेल तर मराठी शीर्षकांच्या अँकरांकडे, म्हणजे पानातल्या नेमक्या जागी नेणाऱ्या नावांकडे, बघा. त्याची मूळची पद्धत रोमन नसलेली सगळी अक्षरं टाकून देते, मग शीर्षकांना 'अंडरस्कोर १', 'अंडरस्कोर २' अशी नावं मिळतात. मध्ये एक नवं शीर्षक घातलं की खालचे सगळे आकडे सरकतात. लिंक तुटत नाही, चुकीच्या परिच्छेदावर नेऊन सोडते. युनिकोडचा पर्याय लावला तर काना-मात्रा गळतात, 'दुवा'चा 'दव' होतो, कारण पायथनच्या रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या पद्धतीत) 'अक्षर' या व्याख्येत मात्रा बसत नाहीत. मी सरळ प्रत्येक शीर्षकाला हाताने नाव देतो. लीचीत 'इन्क्लूड-फ्रॅगमेंट्स' दिलं की अँकरही तपासले जातात.

चहाटपरी | सोमवार, दुपारी १:२२

'दुवा'चा 'दव' 😄 सकाळी होता, ऊन आल्यावर गेला. तुटलेल्या लिंकेला याहून चांगलं नाव नाही.

हिवाळी_ऊन | सोमवार, दुपारी २:०५

मात्रावेलांटी दादा, दंडवत. वाचनखूण साठवली. माझ्या 'सह्याद्रीतल्या दऱ्या' पानाचं कोडं आज सुटलं.

खिडकी_क्र_७ | सोमवार, संध्या. ६:४५

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिलाच. मेलेली लिंक ठेवावी की काढावी? मी काढतो. वाचकाला बंद दारापर्यंत चालत न्यायचं आणि सांगायचं की इथे एकदा घर होतं, याने त्याचा वेळच जातो.

पानकळा | सोमवार, रात्री ८:३०

@खिडकी_क्र_७, तुमचं म्हणणं समजतं, पण मला ते मान्य होत नाही. त्या ओळीत फक्त पत्ता नसतो. पुस्तकाचं नाव, साल, कुणी स्कॅन केलं, किती पानं, हे असतं. ती ओळ पुसली तर ते स्कॅन कधी झालं होतं हेच विसरलं जाईल, आणि दुसरा कुणी तेच पुस्तक परत शोधत, परत स्कॅन करत बसेल. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपण सगळ्या तुटलेल्या ओळी पुसत गेलो तर सूचीत काय उरेल?

जुनाजाणता | सोमवार, रात्री ९:००

मधला रस्ता आहे. मराठी विकिपीडियावर संदर्भांखाली 'विदागारातील आवृत्ती' दिसते ना, तसं करा. मूळ पत्ता राहू द्या, शेजारी वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवरची प्रत द्या. लीचीला 'सजेस्ट' सांगितलं तर तुटलेल्या लिंकेची तिथली प्रत तेच सुचवतं.

आणि यापुढे नवी लिंक सूचीत घालाल तेव्हाच ते पान वेबॅक मशीनवर जतन करा. पान जिवंत असतानाच ते शक्य आहे.

खिडकी_क्र_७ | सोमवार, रात्री ९:१५

हे मान्य. नोंद ठेवायची, पण क्लिक करणाऱ्याला प्रतीकडे न्यायचं. ताई, माझं 'काढतो' मागे घेतो.

पानकळा | पुढचा बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ दिवस रोज संध्याकाळी बसले. निकाल सांगते.

एकूण ११२७ लिंका. कन्करन्सी चारवर ठेवून पहिल्या फेरीत २१४ एरर. आकडा बघून पोटात गोळा आला. मग एकेक गट वेगळा केला. ८३ लिंका ४०३, ४२९ किंवा टाइमआउटच्या होत्या, ब्राउझरमध्ये हाताने उघडल्या तर व्यवस्थित चालल्या. १९ आमच्याच फायलींमधल्या. त्यातल्या ८ नाव बदलल्यामुळे, आणि तब्बल ११ ऱ्य आणि ॲ मुळे! 'अपुऱ्या नोंदी' नावाची फाइल मी मोबाइलवर तयार केली होती आणि लिंका लॅपटॉपवर लिहिल्या होत्या. मात्रावेलांटी दादा, तुम्ही लिहिलं नसतंत तर या अकरा मला जन्मात सापडल्या नसत्या.

उरल्या ११२, खरोखर मेलेल्या. त्यातल्या २१ ची नवी जागा सापडली, नुसता पत्ता बदलला होता. ७८ च्या प्रती वेबॅक मशीनवर मिळाल्या, दोन्ही पत्ते शेजारी शेजारी लिहिले. प्रूफवाचक काकांचं ऐकून २०० देणाऱ्यांमधूनही दुसऱ्या डोमेनवर जाणाऱ्या तपासल्या, तीन निघाल्या. त्यातली एक कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवर जात होती, आमच्या बालसाहित्याच्या पानावरून. ती त्याच रात्री काढली.

१३ लिंकांचं कुठेच काही सापडलं नाही. त्या ओळी ठेवल्या आहेत, पुढे 'प्रत हवी आहे' असं लिहून. त्यातली पाच इथे देते, कुणाकडे असल्या तर सांगा: मोडी लिपी शिकवणारी ४८ पानी पुस्तिका, गुरांच्या रोगांवरची एक, एका पाकशास्त्राच्या पुस्तकाचा दुसरा भाग, आणि बंद पडलेल्या एका मासिकाचे दोन दिवाळी अंक.

आणि कराडच्या त्या मुलीला कोशांचं पान परत पाठवलं. आठपैकी आठ उघडल्या, असा तिचा मेसेज आला.

मोडी_वाचक | गुरुवार, सकाळी ६:५०

इथे आजवर फक्त वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. मोडीची ४८ पानी पुस्तिका म्हणजे पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात शिक्का आणि शेवटी बाराखडीचा तक्ता, तीच का? २०१४ मध्ये उतरवून ठेवली होती. जुन्या हार्ड डिस्कवर आहे.

पानकळा | गुरुवार, सकाळी ७:०२

तीच! शिक्का वाचनालयाचा, अर्धा पुसट. पानं सगळी आहेत का?

मोडी_वाचक | गुरुवार, सकाळी ७:३५

आत्ताच मोजली, ४८ आहेत. पान ३१ स्कॅन करताना तिरकं गेलंय, पण वाचता येतं. दुपारी इंटरनेट आर्काइव्हवर चढवतो आणि पत्ता इथे देतो. त्याच पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने मोडी 'ळ' सहा वेळा गिरवलेला आहे, तो तसाच ठेवतोय.